उन्हाची जबानी

आमच्या शेजारचे फायाभाऊ उन्हाळाभर खळ्यात बाटल्या सरकवीत असत. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, हे मला पुण्याहून लग्न होऊन रत्नागिरीत आल्यावर कळलं. आणि त्या अंगणात एक पेन्शनर गृहस्थ दिवसभर बाटल्यांशी खेळत असतो, हे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. सकाळी ऊन विहिरीच्या कठड्याशी उतरलं की बाटल्या कठड्याशी, माध्यान्हीला तुळशीपाशी, तिसऱ्या प्रहरी गोठ्याच्या भिंतीला. अकरा बाटल्या होत्या. एकेक दोन्ही हातांनी उचलायची, पंच्याने पुसायची, सूर्याकडे धरून आत डोकावायचं आणि पुढच्या उन्हात नेऊन ठेवायची. तान्ह्या मुलालाही कोणी इतक्या वेळा कुशीवर वळवीत नाही. त्यांचे दोन मुलगे मुंबईला नोकरीला होते, आणि त्यांतल्या धाकट्याचं वय विचारलं तर भाऊ आत तोंड करून बायकोला विचारत. कुठली बाटली किती दिवसांची, हे मात्र त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

फायाभाऊ हे नाव आळीने ठेवलेलं, आणि अर्थात पाठीमागचं. समोर सगळे नुसतं भाऊ म्हणत. त्यांच्या दोन्ही कानांत अत्तराचे फाये असत. उजव्या कानात जमलेलं तेल, डाव्या कानात अजून जमायचं असलेलं. लग्नकार्यात लोक त्यांच्या उजव्या बाजूला बसण्यासाठी धडपडत, कारण डाव्या बाजूला काय असेल याचा नेम नसे. दोन्ही कान असे कापसाने बुजलेले असल्यामुळे बायकोचं बोलणं ऐकू न येण्याचीही आयतीच सोय झाली होती. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड बोलावं असं म्हणतात. मी प्रयत्न करीन, पण वचन देत नाही.

भाऊ कोर्टात शिरस्तेदार होते. जन्मभर दुसऱ्यांच्या भांडणांची दप्तरं लावली, पेन्शनीत निघाले, आणि घरी बसून सुगंधी तेल करायला लागले. घरच्या नारळाचं खोबरेल, त्यात सुकवलेली सुरंगीची फुलं, हापूसच्या वाळक्या साली, नागरमोथा आणि आणखी दोन-तीन जिन्नस, जे विचारले की ते एकदम बहिरे होत. तेल चुलीवर चढवायचं नाही, हा पहिला नियम. चाळीस दिवस नुसतं ऊन द्यायचं. "चुलीवरचं तेल पोटासाठी, उन्हावरचं नाकासाठी," असं ते म्हणत, आणि म्हणून झाल्यावर ऐकणाऱ्याने मान डोलावली की नाही ते बघत. न डोलावल्यास पुन्हा म्हणत.

आता खरी गोष्ट सांगते. त्यांना त्या तेलात उन्हाचा वास आणायचा होता. चंदनाचा नको, केवड्याचा नको, उन्हाचा. बाटलीवर चिठ्ठी नाही, तेलाला नाव नाही. कोणीतरी ते हुंगावं आणि कोणी न सांगता, न सुचवता म्हणावं, 'ऊन.' हा एक शब्द ऐकण्यासाठी सगळा खटाटोप चालला होता. तो शब्द कोणता, हे त्यांनी आळीत कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि ते शहाणपणाचंच होतं. कारण कळला असता तर आळीने दुसऱ्याच दिवशी तो घाऊक म्हणून टाकला असता आणि भाऊंना गप्प बसवलं असतं. फक्त मथूकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तो माहीत होता, आणि काकूंना देवापुढे शपथ घातलेली होती.

कोर्टाची सवय सुटते थोडीच! भाऊंनी एक जाडी वही शिवून घेतली होती आणि तिच्यात ते वास घेणाऱ्यांच्या जबान्या लिहीत. तेल हाताला लावायचं, पेन्सिल सरसावायची आणि विचारायचं, "काय आठवलं?" छान आहे का, असं नाही विचारायचं. काय आठवलं ते सांगायचं, तेही ताबडतोब. एका नाकाची जबानी एकदाच. "पहिला वास नाक घेतं, दुसरा डोकं घेतं. डोक्याचा पुरावा ग्राह्य नाही," हे त्यांचं कलम पहिलं. कलम दुसरं असं की घरच्या माणसाची साक्ष घ्यायची नाही. ती पक्षपाती असते. त्यामुळे जिच्या खळ्यात हे सगळं चाललं होतं, त्या बाईला तेवढं वगळून साऱ्या रत्नागिरीला विचारून झालं.

पहिली जबानी एका वकिलांची. त्यांनी हात हुंगला, घसा साफ केला आणि म्हणाले, "देवघर." आळीतले डॉक्टर म्हणाले, "अळशीचं पोटीस." शास्त्रीबुवा पडशाने बेजार होते, तरी त्यांनी पारिजातकापासून कस्तुरीपर्यंत अकरा नावं घेतली. भाऊंनी अकराही उतरवून घेतली आणि खाली शेरा मारला, 'साक्षीदाराचे नाक चोंदलेले. विद्वत्ता अबाधित.' मुंबईहून बोटीने आलेले कुणाचे तरी जावई म्हणाले, की बोटीत इंजिनाजवळ उभं राहिलं म्हणजे अगदी असाच वास येतो. मामलेदारसाहेब म्हणाले, "विलायती साबण. छान." त्यातल्या 'साबण'पेक्षा 'छान'च भाऊंना जास्त लागलं. चार दिवस त्यांनी ताटावर मान वर केली नाही.

आमसुलांसाठी रातांबे घेऊन येणारी भागी म्हणून एक बाई होती. तिने टोपली उतरवली, पदराला हात पुसून पुढे केला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "भावानू, ह्यो तर उकड्या भाताचा वास! खल्यात वालत घातलेला भात दुपारच्याला परतायला गेलं का येतो ना, तसा." बाई उन्हाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन पोचली होती. आणखी एक प्रश्न विचारला असता तर आतही गेली असती. पण साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही हा कोर्टाचा दंडक, आणि शिवाय अत्तराला भात म्हटल्याचा राग. भाऊंनी 'भात' एवढंच लिहिलं आणि वही मिटली. जाताना भागी मला हळूच म्हणाली, "भावांचं कायतरी बिनसलंय, बाय."

माझी जबानी झाली तेव्हा मला सासरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं होतं. ओटीवर भाऊ कुणाला तरी सांगत होते ते मला माजघरात ऐकू आलं, "देशावरची माणसं हो. तिखट खाऊन खाऊन नाकं मेलेली. पण वहीत एक देशावरचं नाक असलेलं बरं." तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझ्या नाकाबद्दल मला चांगला अभिमान होता. शेजारच्या नव्या सुनेच्या हाताला परपुरुषाने अत्तर कसं लावायचं, म्हणून काकू काडीला गुंडाळलेला फाया घेऊन आत आल्या आणि त्यांनी माझ्या मनगटाला तेल लावलं. भाऊ ओटीवर, खिडकीच्या गजांपलीकडे, पेन्सिल घेऊन उभे. "बोला सूनबाई, काय आठवलं? विचार करू नका."

खरं तेच लिहिते. आधी जाणवली ती ऊब. तेल हाताला थंड लागत होतं, पण वास गरम होता. मग सुरंगीचा मधासारखा गोडवा, मग आंब्याच्या सालीचा किंचित डंख, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी सावकाश, माझ्या माहेरच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या गाद्या. दिवसभर तापलेल्या गाद्या संध्याकाळी आई मला गुंडाळायला सांगायची, आणि मी गुंडाळायचं सोडून त्यांत तोंड खुपसून उभी राहायची, म्हणून ओरडा खायची. अगदी तोच वास. कापसात शिरून बसलेलं ऊन. शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण त्याच्या आधी डोळ्यांत पाणी आलं, आणि पंधरा दिवसांची सून शेजाऱ्यांच्या माजघरात रडली तर ती बातमी दुपारपर्यंत मांडवी बंदरावर पोचेल, एवढं मला कळत होतं. त्यातून ते मेलेलं नाक मनात सलत होतं. मी पदर सावरला आणि ठणकावून म्हटलं, "खवट खोबरं."

पलीकडे पेन्सिल थांबली. मग लिहू लागली, आणि दोन शब्दांना लागावा त्याच्या कितीतरी पट वेळ लिहीत राहिली. मला वाटलं, माझ्या नाकाचा पंचनामा चाललाय.

त्याच वैशाखात काकू आणि मी मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. तेव्हा काकूंनी मला तो शब्द सांगितला. "अगो, त्यांना नुसतं 'ऊन' असं ऐकायचंय. बाकी काही नको." मी हातातली आठळी खाली ठेवली. म्हटलं, "काकू, तुम्हाला शपथ घातलेली ना?" त्या म्हणाल्या, "तुझी जबानी झाली की. झालेल्या नाकाला सांगितलं तर काय बिघडतंय?" शिरस्तेदाराच्या संसारात मुरलेली बाई! मी विचारलं, "आणि तुम्हाला कसला वास येतो हो?" काकूंनी खालून वर बघितलंसुद्धा नाही. "मला कुणी विचारलंय?" एवढं बोलून त्या पुढची आठळी सोलायला लागल्या.

मला त्याच दिवशी उठून सांगता आलं असतं, की भाऊ, मी खोटं बोलले. पण एका नाकाची जबानी एकदाच. आणि नियमाचं कुंपण नसतं, तरी अठराव्या वर्षी आपण खोटं बोललो हे कोण कबूल करतं? राहून गेलं. आणि पुढे एक उन्हाळा असा आला, की राहून गेलेलं मी मुद्दाम राहू दिलं.

कोकणात आगोट म्हणजे काय, ते देशावरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, म्हणून त्याच्या आत वर्षाचं सगळं वाळवून, भरून ठेवायचं. आमसुलं, आंब्याची साटं, पोह्याचे पापड, सांडगे, कुळीथ. घरच्या बाईची वर्षभराची अब्रू त्या महिना-दीड महिन्याच्या उन्हावर असते. भाऊंच्या घराभोवती माड आणि फणस असे दाटलेले, की सबंध खळ्यात कडकडीत ऊन म्हणावं असा तुकडा एकच, तुळशीच्या अलीकडे. आणि तिथे, तुमच्या लक्षात आलंच असेल, अकरा बाटल्या.

काकू सुपं आणि तट्टे घेऊन बाटल्यांच्या मागोमाग कडेकडेने फिरत. भाऊ जेवायला बसले की त्या चार बाटल्या सावलीत ढकलून आपली ताटं पुढे करीत, आणि भाऊ हात धुऊन बाहेर आले की पुन्हा होतं तसं. शेवटी भाऊंनी कोळशाने खळ्यात हद्द आखली. उन्हाचे दोन हिस्से तेलाला, एक हिस्सा आमसुलांना. वर काकूंना म्हणाले, "हद्दीबाहेरचं अतिक्रमण चालणार नाही." काकू म्हणाल्या, "सारवण कोण करतंय?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खळं सारवलं. हद्द शेणाखाली गेली. भाऊंनी ती पुन्हा आखली. असं आठवडाभर चाललं, आणि आम्ही दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हसून घेतलं.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्या वर्षी आभाळ लवकर भरून यायला लागलं. मधेच चार दिवस स्वच्छ ऊन पडलं, आणि ते शेवटचं, हे सगळ्यांना कळत होतं. काकूंच्या आमसुलांना अजून दोन पुटं द्यायची होती. रातांब्याची सालं त्यांच्याच आंबट रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, तेव्हा कुठे ती वर्षभर टिकतात. भाऊंचं तेल छत्तिसाव्या दिवसावर होतं. काकू हात जोडून म्हणाल्या, मी गडग्याशी उभी असताना माझ्यादेखत म्हणाल्या, "एवढे चार दिवस तुळशीकडची जागा मला द्या. वर्षाचं आहे हो." भाऊ बाटली पुसत होते. म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळीस. छत्तिसावर सोडलेलं तेल म्हणजे अर्धवट खटला."

आमसुलं कडेच्या अर्ध्या सावलीत दमट राहिली. दहा दिवसांत त्यांना बुरा आला. काकूंनी ती एका टोपलीत भरली, मागच्या माडाच्या आळ्यात नेऊन ओतली आणि वर माती लोटली. नुसतं डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हाताने माती लोटणं चाललेलं. त्या वर्षी त्यांच्याकडे आमसुलं बाजारातून आली. रत्नागिरीत आमसुलं विकत आणायची म्हणजे समुद्राकाठी राहून मीठ उसनं मागायचं. काकूंनी ती पदराआड झाकून आणली, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. आणि तेल? तेल अप्रतिम झालं. तसं पुन्हा कधी झालं नाही. त्याचा फाया आमच्याकडे आला तेव्हा आमच्या अंधाऱ्या माजघरात जणू दुपार झाली, आणि त्यामुळे तर माझा संताप आणखी वाढला. मी ठरवलं, यांना हवा असलेला शब्द माझ्याकडे आहे, आणि तो मी यांना देणार नाही.

दिला नाही. एक दोन नव्हे, दहा वर्षं. दर वर्षी नवं तेल झालं की भाऊ काकूंच्या हाती एक फाया माझ्यासाठी धाडीत. "जबानी नव्हे हो, असंच," असा निरोप बरोबर. आणि नेमके त्याच वेळी गडग्याशी येऊन केळीची पानं मोजीत उभे राहत. मी फाया हुंगायची, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना म्हणायची, "छान आहे." मामलेदारसाहेबांचाच शब्द, मुद्दाम निवडून घेतलेला. भाऊ मान हलवीत आणि केळी सोडून निघून जात. एका वर्षी माझा भाऊ पुण्याहून आला, त्याचीही जबानी झाली. तो म्हणाला, "श्रीखंड." मी त्याला आधी पढवू शकले असते. नाही पढवला. वही भरत चालली होती, भाऊ वाकत चालले होते, आणि मी माझ्या न्यायीपणावर खूश होते.

शेवटच्या वर्षी श्रावणात त्यांनी अंथरूण धरलं. छातीत कफ साठलेला. दहा-बारा दिवस सूर्य दिसला नव्हता, भिंतींना ओल आलेली, धोतरं घरात चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेली. मी पेज घेऊन गेले. तोवर मी दोन मुलांची आई झाले होते, मध्ये दाराचा पडदा राहिला नव्हता. त्यांच्या कानांत फाये नव्हते. उशापाशी एक बाटली होती. काकू म्हणाल्या, "त्या सालची आहे." कोणत्या सालची ते विचारावं लागलं नाही. काकू त्यातलंच तेल त्यांच्या तळपायांना चोळीत होत्या.

खोलीत तो वास भरला होता. बाहेर पाऊस आणि आत तापलेल्या गाद्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, ऊन."

त्यांनी डोळे उघडले.

"उन्हाचा वास येतो भाऊ. पहिल्या दिवशीही उन्हाचाच आला होता. मी खोटं सांगितलं."

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग तुटक तुटक, पण स्वच्छ म्हणाले, "हा दुसरा वास झाला, सूनबाई. डोक्याचा. नोंदता येत नाही."

मला इतका राग आला! मरणाच्या दारात बसलेल्या माणसावर रागवू नये, पण मी रागावले. म्हटलं, "मग राहू दे तुमची ती वही! कवटाळून बसा!" पेजेचं भांडं तिथेच आदळून मी निघून आले. चौथ्या दिवशी ते गेले. ऊन पडलं ते पाचव्या दिवशी.

दिवस-वार उरकल्यावर, मुलगे मुंबईला परत गेल्यावर, काकू एका दुपारी वही घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "एवढं काय लिहून ठेवलंनी, ते बघ तरी," म्हणाल्या. मी मोठ्याने वाचायला लागले. देवघर, पोटीस, शास्त्रीबुवांचं चोंदलेलं नाक, बोटीचं इंजिन. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या, मीही हसत होते. वहीत एक ओळ म्हणून वाया गेलेली नव्हती, समासातसुद्धा लिहिलेलं. कागदाच्या बाबतीत भाऊ अस्सल कोकणातले. मग माझं पान आलं.

'साक्षीदार देशावरील. वास: खवट खोबरे, असे सांगते. मात्र सांगण्यापूर्वी साक्षीदाराने डोळे मिटले व मान वर केली. सांगून झाल्यावर, कोणी पाहत नाही असे समजून, हात पदराखाली नेऊन दोन वेळा हुंगला. खवट खोबरे कोणी दोन वेळा हुंगीत नाही. जबानी अपुरी. पुढील ओळ राखून ठेवली आहे.'

आणि पुढची ओळ कोरी होती. सबंध वहीत तेवढी एकच.

मी वही मांडीवर ठेवली. दहा वर्षं मी त्यांना शिक्षा करीत होते, आणि दहा वर्षं ते गडग्याशी केळीची पानं मोजीत माझी वाट बघत होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की ऊन मला भेटलेलं आहे. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि रडले. अठराव्या वर्षी रडायला पाहिजे होतं, ते तेव्हा रडले.

काकू म्हणाल्या, "तू पेज आदळून गेलीस ना, त्या संध्याकाळी माझ्याकडे वही मागितलीनी. पेन्सिल मागितलीनी. हेच पान असणार हे. पेन्सिल टेकवलीनी, आणि मग म्हणाले, असू दे." मी पान खिडकीकडे धरून पाहिलं. कोऱ्या ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. स्वतःचा नियम त्यांना मोडवला नाही. काय म्हणावं अशा माणसाला! मी त्यांना आयुष्यभर नावं ठेवली, आजही ठेवते, पण आपल्याला हवा असलेला एकमेव शब्द हाती आलेला असताना तो नियमाबाहेरचा म्हणून सोडून देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी दौत पुढे ओढली. म्हटलं, "काकू, ही ओळ मी आता भरते."

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांनी वहीवर आपला हात ठेवला. माती लोटणारा तोच हात. "तुझी झाली दोनदा. ती ओळ मला दे."

"घरच्या माणसाची साक्ष घ्यायची नाही ना?"

"आता हरकत घ्यायला कोण आहे गो? लिही. मथुरा. ऊन."

मी लिहिलं. टाक उचलणार, तेवढ्यात त्यांनी मला पुन्हा थांबवलं. बाहेर त्यांच्या खळ्यात, तुळशीच्या अलीकडे, भाद्रपदातलं कडकडीत ऊन पडलेलं होतं आणि तिथे एकही बाटली नव्हती. काकू तिकडे बघत होत्या.

"आणि पुढे लिही," त्या म्हणाल्या, "ते माझं होतं."

मी तेही लिहिलं, शाईने.